मोबाइलचं बिल कोण ठरवतं? जर्मनीतली तीस वर्षांची गोष्ट

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नवीन सेमिस्टर सुरू व्हायच्या सुमारास, जर्मनीतल्या मराठी मुलामुलींच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: ‘सिम कोणतं घेऊ?’ त्याच्या मागोमाग दुसरा, जरा वैतागलेला: ‘पुण्यात रोजचा दीड-दोन जीबी मिळायचा, आणि इथे महिन्याचा डेटा जपून वापरायचा?’ उत्तरंही ठरलेली असतात. कुणी म्हणतं, जर्मन लोक या बाबतीत मागासलेच आहेत. कुणी म्हणतं, भारतात कंपन्या जास्त, म्हणून स्पर्धा जास्त, म्हणून स्वस्त.

यातलं दुसरं उत्तर ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण मोजायला बसलं की टिकत नाही. भारतात आज जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल. जर्मनीत टेलिकॉम, व्होडाफोन, टेलेफोनिकाची ओ-टू आणि आइन्स-उंड-आइन्स. म्हणजे चारास चार. लोकसंख्येची घनता, पगार, टॉवरचा खर्च, लोकांची खर्च करायची ऐपत, हे सगळं दोन देशांत वेगळं आहे आणि त्याचा दरांवर परिणाम होतोच. पण स्पर्धेपुरतं बोलायचं तर नुसती डोकी मोजून काही कळत नाही. नवा गडी आत किती सहज येऊ शकतो आणि गिऱ्हाईक बाहेर किती सहज पडू शकतं, हे बघावं लागतं. जर्मनीचा इतिहास या दोन प्रश्नांच्या अंगाने वाचला तर तुमच्या हातातल्या प्लॅनचा बराच उलगडा होतो.

पोस्टाचा फोन आणि पाइपवाली कंपनी

१९८०च्या दशकापर्यंत पश्चिम जर्मनीत टेलिफोन म्हणजे बुंडेसपोस्ट, सरकारी पोस्टखातं. आपल्याकडे जसं दूरसंचार खातं आणि मुंबईत एमटीएनएल, तसंच. मोबाइलही त्यांचाच होता. १९८०च्या दशकाच्या मध्यात आलेलं सी-नेट्झ हे मुख्यतः गाडीत बसवायच्या जड आणि महाग फोनसाठी होतं.

१९८९ मध्ये पोस्टखात्याची पुनर्रचना झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या मोबाइल नेटवर्कचा परवाना मानेसमान या कंपनीला मिळाला. ड्युसलडॉर्फची ही कंपनी मूळची पोलादी पाइप बनवणारी! १९९२च्या उन्हाळ्यात टेलिकॉमचं डी-१ आणि मानेसमानचं डी-२ ही दोन नेटवर्कं जवळपास एकाच वेळी सुरू झाली. मक्तेदारी संपली, पण सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं काही लगेच झालं नाही. गिऱ्हाइकं मुख्यतः धंदेवाली होती. चढाओढ होती ती रेंज कुणाची आधी कुठे पोचते याची.

इथे सरकारने एक महत्त्वाची अट मात्र घातली होती. ज्यांच्याकडे स्वतःचा एकही टॉवर नाही अशा कंपन्यांनाही नेटवर्कवाल्यांनी आपली सेवा विकू द्यायची. त्यामुळे डेबिटेल, टॉकलाइन, मोबिलकॉम ही नावं बाजारात आली. ही अट लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

१९९४ मध्ये ई-प्लस आणि १९९८ मध्ये फियाग इंटरकॉम (आजची ओ-टू) आली. चार नेटवर्कं झाली. पण गर्दी खरी जमली ती १९९७ पासून आलेल्या प्रीपेड कार्डांमुळे. करार नको, महिन्याचं भाडं नको, पैसे संपले की थांबायचं. १९९९च्या अखेरीस जर्मनीत सुमारे २.३ कोटी मोबाइल जोडण्या होत्या, वर्षभरात त्या ४.८ कोटींच्या आसपास गेल्या. एका वर्षात दुप्पट! आत यायला आणि बाहेर पडायला सोपं असं काहीतरी बाजारात आल्यावर काय होतं, याचं हे पहिलं उदाहरण.

याच काळात आपल्याकडे काय चालू होतं? ३१ जुलै १९९५ला कोलकात्याहून दिल्लीला भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला. महानगरांत प्रत्येकी दोनच खासगी कंपन्या होत्या. मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच. आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. इनकमिंग फुकट झालं ते २००३ मध्ये. ‘मिस्ड कॉल दे, मी समजून जाईन’ हा सगळा व्यवहार या दरांच्या पोटी जन्मला आहे.

सहा विजेते, दोन बळी

मग आलं २००० साल. फेब्रुवारीत ब्रिटनच्या व्होडाफोनने मानेसमान विकत घेतली. सुमारे १८० अब्ज युरोंचा हा सौदा तोपर्यंतचा जगातला सगळ्यात मोठा होता. तुमच्या आईबाबांच्या फोनवर जो लाल लोगो दिसायचा तो जर्मनीत असा आला. भारतात तोच लोगो २००७ मध्ये हचिसन एस्सार विकत घेऊन आला.

त्याच वर्षी ३१ जुलै ते १७ ऑगस्ट मायन्झ शहरात थ्रीजीच्या स्पेक्ट्रमचा लिलाव झाला. सहा कंपन्या जिंकल्या आणि सरकारच्या तिजोरीत ९८.८ अब्ज मार्क, म्हणजे सुमारे ५० अब्ज युरो, जमा झाले. कागदावर बघा: चार जुन्या, दोन नव्या. डोकी मोजणाऱ्या माणसाला वाटेल, आता दर कोसळणार.

झालं उलटंच. क्वाम या नावाने उतरलेल्या नव्या कंपनीने २००२ मध्येच गाशा गुंडाळला. मोबिलकॉमने थ्रीजीचं स्वतःचं नेटवर्क सुरूच केलं नाही आणि २००३ मध्ये परवाना परत केला. अब्जावधी मार्क मोजून दोघांच्याही हाती काही लागलं नाही.

लिलावामुळे दर वाढले का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. पुस्तकी अर्थशास्त्र सांगतं की एकदा बुडालेला खर्च पुढची किंमत ठरवत नाही. गिऱ्हाईक जितके देईल तितकेच मिळतात. हे बरोबरच आहे. पण आत कोण टिकेल हे मात्र असा खर्च ठरवू शकतो. जुन्या चौघांकडे आधीची गिऱ्हाइकं होती, रोजचा गल्ला होता. नव्यांकडे फक्त कर्ज होतं. दार उघडं होतं, पण उंबरठाच इतका उंच की आत पाऊल टाकतानाच नवे पडले.

कॉफीच्या दुकानात सिमकार्ड

जर्मनीत मोबाइल खरोखर स्वस्त झाला तो एकही नवं नेटवर्क न येता, आणि ते घडवलं किराणा मालाच्या दुकानांनी. २००४ मध्ये कॉफी विकणाऱ्या चिबोने ओ-टूच्या नेटवर्कवर स्वतःचं सिम काढलं. २००५ मध्ये ई-प्लसच्या नेटवर्कवर सिम्यो आलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आल्डी टॉक. फोनवर सबसिडी नाही, दोन वर्षांचा करार नाही, चकचकीत शोरूम नाही. सगळीकडे एकच साधा दर. दशकाच्या अखेरीस मिनिटाला ९ सेंट हा या बाजारातला सर्रास भाव झाला होता.

ई-प्लसने हे का करू दिलं? ती तिसऱ्या नंबरची कंपनी होती. टेलिकॉम आणि व्होडाफोनकडे जास्त पैसे देणारी गिऱ्हाइकं होती. त्यांनी स्वस्त सिम काढलं असतं तर स्वतःच्याच ताटातलं कमी झालं असतं. ई-प्लसकडे गमावण्यासारखं कमी आणि रिकामं नेटवर्क जास्त होतं. मग त्यांनी ते भाड्याने द्यायला सुरुवात केली. २००५ मध्येच तुर्की भाषिकांसाठी ‘आय युल्दुझ’ हा ब्रँड काढला. परदेशी कॉल स्वस्तात देणारी ऑर्टेल, लेबारा, लायकामोबाइल अशी सिमं मोठ्या स्टेशनांच्या आसपासच्या दुकानांत दिसू लागली ती याच काळात.

आपल्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे. स्थलांतरितांना स्वस्त कॉल मिळाले त्यामागे कुणाचा परोपकार नव्हता. तिसऱ्या नंबरच्या कंपनीला पहिल्या दोघांना न मिळणारी, किंवा त्यांनी फारशी न विचारलेली, गिऱ्हाइकं हवी होती. आणि ती गिऱ्हाइकं आपण होतो.

चाराचे तीन, तिनाचे साडेतीन

पण हीच ई-प्लस २०१४ मध्ये ओ-टूच्या मालकीण टेलेफोनिकाने घेतली. चाराची तीन नेटवर्कं झाली. युरोपियन कमिशनने परवानगी देताना अट घातली: एकत्र झालेल्या नेटवर्कची ३० टक्क्यांपर्यंत क्षमता ड्रिलिश या टॉवर नसलेल्या कंपनीला विकत द्यायची. म्हणजे एक दार बंद होतंय तर निदान खिडकी उघडी ठेवा.

ड्रिलिश पुढे आइन्स-उंड-आइन्सच्या घरात गेली, आणि २०१९च्या फाइव्हजी लिलावात हीच मंडळी चौथी कंपनी म्हणून उतरली. तो लिलाव ४९७ फेऱ्या चालला आणि सुमारे ६.५ अब्ज युरोंवर संपला. त्यांचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क सुरू झालं डिसेंबर २०२३ मध्ये, आणि स्वतःचे टॉवर नाहीत तिथे अजूनही दुसऱ्याचं नेटवर्क लागतं: आधी टेलेफोनिकाचं, नंतर व्होडाफोनचं. चौथा भिडू आहे, पण बराचसा भाड्याच्या घरात. घरमालक प्रतिस्पर्धीच असला की भाडं किती, यावर बरंच काही अवलंबून असतं.

आता ती नव्वदच्या दशकातली अट आठवा. फाइव्हजीच्या लिलावाचे नियम २०१८ मध्ये ठरले तेव्हा नियामक संस्थेने, म्हणजे बुंडेसनेट्झआगेंटूरने, टॉवर नसलेल्यांना नेटवर्क देण्याची सक्ती ठेवली नाही. फक्त ‘वाटाघाटी करा’ एवढंच सांगितलं. त्यावर खटला झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय बेकायदा ठरवला, आणि त्यात मंत्रालयाच्या दबावाचाही मुद्दा होता. मार्च २०२५ मध्ये नियामकाने संपत आलेल्या काही स्पेक्ट्रमचे हक्क नवा लिलाव न करता पाच वर्षांनी वाढवले. बदल्यात रेंज वाढवण्याच्या अटी घातल्या. रेल्वेत बसून ‘फुंकलोख’ला, म्हणजे रेंज नसलेल्या पट्ट्याला, शिव्या घालणाऱ्यांना हे बरं वाटेल. नव्याने आत येऊ पाहणाऱ्याला तितकं नाही.

बाहेर पडायची वाट

आत येण्याचं झालं. बाहेर पडण्याचं काय? नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय जर्मनीत नोव्हेंबर २००२ पासून आहे. भारतात ती देशभर जानेवारी २०११ मध्ये आली. पण जर्मनीत खरा अडसर होता तो फरट्रागचा, म्हणजे २४ महिन्यांच्या कराराचा. मुदतीच्या तीन महिने आधी लेखी कळवलं नाही, तर करार आपोआप आणखी वर्षभर वाढायचा. बाजारात दहा स्वस्त प्लॅन असले तरी अडकलेल्या माणसाला ते नसल्यासारखेच.

१ डिसेंबर २०२१ पासून कायदा बदलला. किमान मुदत संपली की पुढे कधीही एक महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं. १ जुलै २०२२ पासून, वेबसाइटवर असे करार विकणाऱ्या कंपनीला करार रद्द करायचं बटणही तिथेच ठेवावं लागतं.

आता नव्याने आलेल्या मुलाचा किंवा मुलीचा विचार करा. जर्मनीत पत नोंदवणाऱ्या शुफाकडे तुमची काहीच नोंद नाही, बँक खातं उघडतंय, जर्मन जेमतेम ए-टू. स्वस्त करार मिळण्याआधी ही सगळी कागदपत्रं लागतात. जुलै २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिमही चालू होत नाही. म्हणजे ज्याला बाजार कळतो, भाषा येते, नोटीस कधी द्यायची ते ठाऊक आहे, त्याच्यासाठी स्पर्धा आहे. बाकीच्यांसाठी भिंतीवरच्या जाहिराती आहेत.

भारताची गोष्टही इथेच जोडून बघायला हवी. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला तेव्हा डझनभर कंपन्या रिंगणात होत्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, महिनोन्‌महिने फुकट डेटा दिला, आणि दोन-तीन वर्षांत एअरसेल, आरकॉम, टाटा, टेलिनॉर बाजारातून गेल्या. व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या. त्यानंतर डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४, अशी तीनदा दरवाढ झाली. भारत अजूनही स्वस्त आहे. पण ‘पुण्यात किती स्वस्त होतं’ म्हणताना आपण बहुतेक वेळा एका लढाईच्या काळातले दर आठवत असतो. आता त्या रिंगणात नवा कुणी सहजासहजी उतरेल असं दिसत नाही.

म्हणून दोन कामं सुचवतो. पहिलं, तुमचा करार उघडा आणि किमान मुदत कोणत्या तारखेला संपते ते बघा. ती उलटून गेली असेल तर आजपासून एका महिन्यात तुम्ही मोकळे होऊ शकता. दुसरं, ग्रुपवर पुढच्या वेळी ‘सिम कोणतं घेऊ’ असा प्रश्न आला, की कंपनीच्या नावासोबत ही तारीख आणि हा नियमही सांगा. नवीन आलेल्याला तो दुसरं कुणी सांगेलच असं नाही.