बंद पेटीची गोष्ट



गावात कुणी पाहुणा येतो, टेबलावर छोटी पेटी मांडतो आणि सांगतो, "ही फ्रिक्वेन्सी मशीन. दांड्या हातात धरा, साखर उतरेल, गुडघे मोकळे होतील." मग गटाच्या पैशातून ती घ्यावी का, असा विषय निघतो. म्हणून आज आम्ही या पेटीची जुनी गोष्ट सांगणार आहोत.

फ्रिक्वेन्सी म्हणजे विजेने एका सेकंदात घेतलेले हेलकावे. आपल्या घरची वीज 50 हेलकावे घेते. 1890 च्या सुमारास फ्रान्समधल्या द'अर्सोन्वाल या शास्त्रज्ञाने दाखवले, की हेलकावे खूप वाढवले तर वीज अंगातून जाते, पण झटका बसत नाही, ऊब येते. त्यातूनच पुढे दवाखान्यातला डायथर्मीचा शेक आला.

त्याच विजेच्या नावावर दुसरी वाटही फुटली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर अल्बर्ट अब्राम्स म्हणू लागले, की प्रत्येक रोगाची वेगळी लहर असते. रक्ताच्या थेंबावरून रोग ओळखू आणि पेटीतून तशीच लहर सोडून तो घालवू. पेटी भाड्याने मिळे, पण ती उघडायची नाही, अशी अट असे. एका डॉक्टरने गुपचूप कोंबड्याचे रक्त तपासायला पाठवले, तर माणसांच्या रोगांची यादी परत आली! शेवटी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने चौकशी केली आणि 1924 साली हे दावे निराधार असल्याचे जाहीर केले. तरी नवी नावे घेऊन अशा पेट्या येतच राहिल्या.

सगळीच यंत्रे खोटी नसतात. दुखण्यावर वापरतात ते टेन्स यंत्र काहींना तात्पुरता आराम देते. पण ते साखर उतरवत नाही, गाठ विरघळवत नाही. पेसमेकर असलेल्यांनी ते लावू नये. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

आता वायरीकडे बघू. भिंतीतली वीज 230 व्होल्टची. अडॅप्टर ती कमी करतो आणि भिंतीची वीज व आपले अंग यांच्यात आड ठेवतो. हलक्या अडॅप्टरमध्ये ही आड कच्ची असते. ती तुटली, तर भिंतीतली वीज थेट हातातल्या दांडीत उतरू शकते. म्हणून अंगाला लावायचे यंत्र बॅटरीवर चालणारे बरे, आणि चार्जिंगला लावलेले असताना ते अंगाला लावू नये. अडॅप्टरवर बीआयएसचे चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. ओल्या हाताने वापरू नये.

पण चांगला अडॅप्टर म्हणजे खरे औषध नव्हे. वायर पक्की असली, तरी दावा खोटा असू शकतो. मधुमेह, कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात 1954 च्या कायद्याने बंदी आहे.

तेव्हा पाहुण्याला तीन गोष्टी विचारा. हे कुणी तपासले? वीज कुठून येते? पक्की पावती देता का? आणि तो काहीही म्हणाला, तरी साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पेटीचे पैसे गट पुन्हा जमवील, मैत्रिणींनो. गेलेली नजर किंवा किडनी परत येत नाही.