खर्जातील मतभेद : बेस गिटारच्या अभिरुचीचा इतिहास

बेस गिटार वाजविणाऱ्यांमध्ये काही वाद गेली साठ-सत्तर वर्षे चालू आहेत: तारा बोटांनी छेडाव्यात की नखीने, त्या नव्या आणि झणझणीत असाव्यात की वापरून मंदावलेल्या, पट्टीवर पडदे असावेत की नसावेत, चार तारा पुरेत की पाच हव्यात, आणि अमुक कारखान्याचे अमुक सालापूर्वीचे वाद्य तेवढे खरे, या म्हणण्यात तथ्य किती. हे वाद बहुधा निव्वळ अभिरुचीचे म्हणून मांडले जातात आणि प्रत्येक पक्ष आपल्या बाजूला एखादा थोर वादक उभा करतो. परंतु या मतांचा उगम शोधत मागे गेले, तर अभिरुचीच्या आधी बहुतेक ठिकाणी एखादी कामाची अडचण सापडते: आवाज ऐकू न जाणे, रेडिओच्या लहान कर्ण्यातून खालचे स्वर न निघणे, सुट्या तारा बाजारात न मिळणे. अडचण कालांतराने सरली, पण तिच्यावर काढलेला तोडगा ‘उत्तम नाद’ म्हणून मागे राहिला आणि पुढच्या पिढीने त्याचेच शास्त्र केले.

वाद्यवृंदात खर्जाचे, म्हणजे सर्वांत खालच्या सप्तकाचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत डबल बेसकडे होते. व्हायोलिनच्या घराण्यातले हे माणसाहून उंच वाद्य उभे धरून वाजविले जाते. त्याच्या पट्टीवर सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे स्वराची नेमकी जागा बोटाला आणि कानालाच शोधावी लागते, आणि त्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. इतक्या खालच्या स्वराला कान मुळातच मंद प्रतिसाद देतो. १९३० आणि ४० च्या दशकांतील अमेरिकी नृत्यवृंदांत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ड्रम यांच्या गदारोळात हा बेस जाणवे, पण त्याचे स्वर ओळखू येत नसत. शिवाय गावोगाव फिरणाऱ्या वृंदाला मोटारीच्या टपावर बांधून तो न्यावा लागे. सिअॅटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास आडवा धरण्याचा, पडदे असलेला, भरीव लाकडाचा विजेवर चालणारा बेस तयार केला होता, परंतु तो फारसा खपला नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करीत वाद्यनिर्मितीकडे वळलेले लिओ फेंडर यांनी १९५१ च्या अखेरीस जे वाद्य बाजारात आणले, त्याने मात्र खर्जाची व्यवस्थाच बदलून टाकली. तारेची लांबी ३४ इंच, बैठक गिटारची, तारा डबल बेसच्याच चार स्वरांत लावलेल्या, आणि पडद्यांमुळे स्वर अचूक येत असल्याने नाव ‘प्रिसिजन बेस’. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे, आणि कदाचित म्हणूनच वादकांच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांचे ओझे त्यांच्यावर नव्हते. डबल बेसची वर्षानुवर्षांची तालीम नसलेल्या गिटारवादकालाही खर्ज सांभाळता यावा, असा त्यांचा साधा हिशेब होता.

या हिशेबातच पहिल्या मतभेदाचे बीज होते. लायोनेल हॅम्पटन यांच्या जॅझ वृंदात १९५२ पासून हे वाद्य दिसू लागले. तेथे ते वाजविणारे मंक माँटगोमेरी मूळचे डबल बेसवादक होते आणि त्यांनी ते प्रथम नाखुषीनेच हाती घेतले. पारंपरिक बेसवादकांना हे वाद्य तिरस्करणीय वाटे, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. या तिरस्कारात सौंदर्यदृष्टी किती आणि रोजीची काळजी किती, हे वेगळे करणे कठीण आहे, कारण ज्या कामासाठी पूर्वी एक विशेषज्ञ लागे ते आता कोणीही रिकामा गिटारवादक करू शकत होता. उलट बाजूने हा बदल पेलणे डबल बेसवादकांना सोपे नव्हते. एल्व्हिस प्रेस्ली यांचे सहवादक बिल ब्लॅक १९५७ मध्ये ‘जेलहाउस रॉक’ या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी नव्या वाद्यावर एका गाण्याची सुरुवात जमेना म्हणून वैतागून ते खाली टाकून निघून गेले आणि तो भाग प्रेस्ली यांनीच वाजविला, असे सांगितले जाते. अँपेग कंपनीचे संस्थापक एव्हरेट हल यांची बाजू आणखी बोलकी आहे. डबल बेसच्या खालच्या टोकाच्या खुंटीत मायक्रोफोन बसविण्याच्या कल्पनेवर त्यांचा धंदा उभा राहिला आणि आपल्या ॲम्प्लिफायरमधून स्वच्छ, न फाटणारा आवाज निघावा यासाठी ते झटले. रॉक अँड रोल त्यांना मुळीच आवडत नसे. कंपनी विकली जाऊन हल बाहेर पडल्यानंतर १९६९ मध्ये तिने ३०० वॅटचा प्रचंड ॲम्प्लिफायर काढला, आणि आज अँपेगचे नाव रॉकच्या गुरगुरत्या खर्जाशी जोडले जाते.

नखी आणि बोटे यांच्या वादाचा उगमही असाच व्यावहारिक आहे. नखी म्हणजे तार छेडण्याची छोटी टणक चकती. ती वापरणारे बहुतेक जण गिटारकडून आलेले, आणि बोटे वापरणारे बव्हंशी डबल बेसकडून आलेले. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत रोजंदारीवर वाजविणाऱ्या कॅरोल के या जॅझ गिटारवादक होत्या. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवादक आला नाही, तेव्हा त्यांच्या हाती बेस आला आणि तो त्यांनी गिटारसारखाच टणक नखीने वाजविला. घोडीजवळ तारांवर जाड कापडाची पट्टी ठेवून त्या स्वराची लांबण तोडीत, त्यामुळे प्रत्येक स्वर ठोसर आणि सुटा निघे. मोटारीतल्या किंवा खिशातल्या रेडिओवर ४१ कंपनांचा स्वर ऐकूच येत नसे. ऐकू येई तो स्वराच्या आरंभीचा आघात, आणि नखी नेमका तोच देई. नॅशव्हिलमध्ये याच अडचणीवर वेगळा तोडगा निघाला: डबल बेस आणि त्याच्या जोडीला तेच स्वर नखीने तोडून वाजविणारा सहा तारांचा विजेचा बेस, म्हणजे एकाकडून घनता आणि दुसऱ्याकडून टोक. पुढे ‘नखी हे नवशिक्याचे साधन’ असा शेरा रूढ झाला. अमेरिकेतील असंख्य घरांत पोचलेला खर्ज नखीचाच होता, हे लक्षात घेता त्या शेऱ्यात माहितीपेक्षा ऐट अधिक दिसते.

बोटांच्या पक्षाचे दैवत जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) होत. डेट्रॉइटमधील मोटाउन कंपनीने एका साध्या घरात थाटलेल्या स्टुडिओत दिवसा लोकप्रिय गीते आणि रात्री शहरातील क्लबांत जॅझ, असा तेथील वादकांचा दिनक्रम होता, आणि जेमरसन यांच्या खर्जात हे दोन्ही एकत्र येतात: ताल पक्का, पण त्याच्या आत वळणे, मध्येच रिकाम्या सोडलेल्या जागा, आणि जवळच्या स्वरांवरून घसरत मुख्य स्वरावर येणे. ते मूळचे डबल बेसवादक. विजेचा बेसही ते उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने छेडीत आणि त्या बोटाला सहकाऱ्यांनी ‘हुक’ असे नाव दिले होते. त्यांचे वाद्य १९६२ चे प्रिसिजन बेस, त्यावर जाड, चपट्या गुंडाळीच्या तारा, म्हणजे ज्यांच्या गाभ्यावर गोल तारेऐवजी चपटी फीत वेढलेली असल्याने पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, आणि त्या तुटेपर्यंत बदलावयाच्या नाहीत, हा त्यांचा नेम. घोडीच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा असे. मळकट तारांनी बुजलेला, स्पंजने आवरलेला, थेट यंत्रात सोडलेला हा नाद गायकाच्या आवाजाला आणि तंबोरिनच्या खणखणाटाला जागा मोकळी ठेवी. आज अनेक वादक वीस-वीस वर्षे तारा न बदलण्याचा अभिमान बाळगतात. त्या स्टुडिओतील गर्दी ज्यांच्या वाट्याला कधी आली नाही, त्यांच्याकडे हा नियम केवळ आचार म्हणून उरतो.

मोटाउनने दीर्घकाळ आपल्या वादकांची नावे तबकड्यांवर छापली नाहीत. जेमरसन यांचे नाव मार्विन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर आले, तोपर्यंत त्यांचे बहुतेक काम करून झाले होते. नावे नसल्याचा परिणाम असा झाला की कोणत्या गाण्यात बेस कोणाचा, हाच पुढे मोठ्या तंट्याचा विषय झाला. कॅरोल के यांनी मोटाउनच्या काही गाजलेल्या गीतांवर आपला हक्क सांगितला आणि जेमरसनच्या अनुयायांनी तो ठामपणे नाकारला. दोन्ही बाजू आवाजाचा पोतही पुरावा मानीत राहिल्या. १९८९ मध्ये अॅलन स्लट्स्की यांचे जेमरसन यांच्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे बेसवादकांबाहेरच्या जगाला हे नाव परिचित होऊ लागले.

इंग्लंडमध्ये अडचणी निराळ्या होत्या. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बर्ग येथे जर्मन बनावटीचा, व्हायोलिनच्या आकाराचा हलका हॉफनर बेस घेतला. तो परवडणारा होता आणि दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्याने उलटा धरला तरी विचित्र दिसत नसे. त्याचा गोलसर, लवकर विझणारा नाद बीटल्सच्या आरंभीच्या गाण्यांची ओळख बनला. अमेरिकी तबकड्यांवरचा खर्ज आपल्यापेक्षा ठळक का, हा प्रश्न मात्र त्यांना सतावत होता. खर्जाचे स्वर तबकडीच्या खाचेला रुंद हेलकावे देतात आणि सुई उडण्याची भीती असते, म्हणून तबकडी कापणारे तंत्रज्ञ ते मुद्दाम दाबीत; १९६६ च्या ‘पेपरबॅक रायटर’साठी ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी एका मोठ्या ध्वनिक्षेपकाचाच मायक्रोफोनसारखा उपयोग करून तो दाब झुगारला. ‘द हू’चे जॉन एंटविसल यांची धडपड याच्या नेमकी उलट टोकाची होती. त्यांना पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा झणझणीत खर्ज हवा होता आणि तो डॅनलेक्ट्रो बेसच्या बारीक तारांतून निघे. इंग्लंडात त्या तारा सुट्या मिळत नसल्याने, तार तुटली की त्यांनी नवे वाद्यच विकत घेतले, आणि १९६५ च्या ‘माय जनरेशन’मधील बेसचा एकल तुकडा अखेर दुसऱ्याच वाद्यावर मुद्रित झाला. पुढच्याच वर्षी रोटोसाउंड या इंग्लिश कारखान्याबरोबर त्यांनी गोल गुंडाळीच्या, खरखरीत पण तेजस्वी तारा घडवून घेतल्या. चपटी विरुद्ध गोल हा जो तारांचा महावाद पुढे माजला, त्याचे दुसरे टोक येथे आहे, आणि ते जेमरसनच्या विरोधात मुळीच उभे राहिलेले नव्हते; एकाला गाण्याखाली राहायचे होते, दुसऱ्याला एकाच गिटारच्या वृंदातली मोकळी जागा भरायची होती.

गोल तारांनी आणखी एक काम केले: पडदे नसलेल्या पट्टीचे लाकूड त्या करवतीसारखे खाऊ लागल्या. फ्लोरिडाचे जॅको पास्टोरियस यांनी डबल बेस घेतला होता, पण तेथील दमट हवेत तो तडकला आणि त्यांनी तो देऊन फेंडरचा बेस घेतला. पुढे पडदे उपटलेल्या, फेंडरच्याच १९६२ च्या ‘जॅझ बेस’ या वाद्यावर त्यांनी होड्यांना लावण्याचा इपॉक्सीचा लेप दिला, त्यामुळे पट्टी टणक झाली आणि स्वर गात्या गळ्यासारखा लांबू लागला. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतर पडदे काढण्याची साथच पसरली, आणि त्यात अनेक चांगली वाद्ये कायमची बिघडली. अंगठ्याने तार ठोकून बोटाने उपटण्याची ‘स्लॅप’ पद्धतही गरजेतूनच आली. लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवीत असताना ऑर्गन बिघडला म्हणून त्यांनी बेस भाड्याने आणला, नंतर ड्रमवादकही राहिला नाही, तेव्हा अंगठ्याचा ठोका मोठ्या ढोलाच्या जागी आणि बोटाची उपट लहान ढोलाच्या जागी आली.

फेंडर यांनी १९६५ च्या जानेवारीत कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली आणि त्यानंतरचा माल हलका, असा निकाल वादकांनी दिला. त्यात काही सत्य आहे. पण ज्या सत्तरच्या दशकाला हे मत सर्वांत कमी लेखते, त्याच काळातील १९७७ चा जॅझ बेस मार्कस मिलर यांच्या हाती ऐकल्यावर त्या सालांच्या वाद्यांनाही ग्राहक लाभले. जुन्या वाद्याची किंमत लाकडापेक्षा त्यावर मुद्रित झालेल्या गाण्यांनी वाढते, हे येथे उघड दिसते.

या इतिहासाचा एक धागा मुंबईत येतो. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत पाश्चात्त्य स्वरलिपी वाचू शकणाऱ्या गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत, आणि डेट्रॉइटप्रमाणे येथेही श्रेयनामावलीत अशा वादकांची नावे क्वचितच येत. याच स्टुडिओंत गिटार आणि बेस वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये डिस्कोच्या तालावर दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली, आणि तिच्यात जपानच्या रोलँड कंपनीचे ‘टीबी-३०३’ हे यंत्र वापरले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसवादकाची उणीव भासू नये म्हणून हे यंत्र काढले होते. खऱ्या बेसची नक्कल त्याला जमली नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. सिंग यांनी नक्कल करण्याऐवजी त्यातून रागाच्या सरकत्या स्वरावली काढल्या. शिकागोच्या नृत्यसंगीताने १९८७ पासून हाच नाद जगभर नेला, पण सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेकडे लक्ष गेले ते २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर.

यंत्राची स्पर्धा मात्र खरी होती. मोटाउनमध्येच वाढलेले स्टीव्ही वंडर सत्तरच्या दशकात आपला खर्ज सिंथेसायझरवर स्वतः वाजवू लागले, आणि १९८० च्या दशकात लोकप्रिय संगीतातील खर्ज चार तारांच्या बेसच्या सर्वांत खालच्या स्वराच्याही खाली उतरू लागला. त्या स्वरांना पोचण्यासाठी सुमारे ३१ कंपनांची पाचवी तार खाली जोडण्याची सोय १९७० च्या दशकातच काही कारागिरांनी केली होती, पण तिला मागणी आली ती या काळात, कारण संगीतिकांच्या आणि चित्रपटांच्या स्वरलिपींत तसे स्वर लिहिले जाऊ लागले आणि ते ज्याला काढता येत नाहीत त्याला बोलावणे येईना. चार तारांचे कैवारी आजही जेमरसनकडे बोट दाखवून पाचवी अनावश्यक ठरवितात. स्टुडिओत आणि नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात काम करणारे बहुतेक जण दोन्ही वाद्ये बरोबर नेतात आणि समोरचा कागद पाहून पेटी उघडतात.