कागदाविना छायाचित्र: दाखवणे सोपे झाले, जपणे कोणाकडे गेले?

#धागा #इतिहास

१/२२
डिसेंबर १९७५. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरी कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन नावाच्या २५ वर्षांच्या अभियंत्याने एक विचित्र यंत्र जुळवले होते. वजन सुमारे ३.६ किलो. आत फिल्म नव्हती. एक चित्र टिपून ते साध्या कॅसेटच्या फितीवर नोंदवायला या यंत्राला २३ सेकंद लागत. चित्रात बिंदू अवघे दहा हजार, तेही कृष्णधवल.

२/२२
हे चित्र पाहण्यासाठी फीत दुसऱ्या यंत्रात घालायची आणि ते यंत्र दूरचित्रवाणी संचाला जोडायचे. सुमारे अर्ध्या मिनिटाने पडद्यावर चेहरा उमटे. रोल धुणे नाही, अंधारखोली नाही, कागद नाही. पुढच्या वर्षी सॅसन यांनी हा प्रयोग कंपनीतील अनेक अधिकाऱ्यांना दाखवला. त्यांनी विचारलेले प्रश्न सॅसन यांनी पुढे लिहून ठेवले आहेत.

३/२२
आपली छायाचित्रे दूरचित्रवाणीवर कोणाला पाहावीशी वाटतील? ती साठवायची कुठे? अशा विजेवरच्या छायाचित्रांचा अल्बम दिसेल तरी कसा? फिल्म आणि कागद विकून मोठी झालेल्या कंपनीचे हे प्रश्न आज हास्यास्पद वाटू शकतात. परंतु त्यांपैकी केवळ पहिल्याचे उत्तर काळाने निःसंदिग्धपणे दिले. उरलेले दोन आजही प्रत्येक घरात उभे आहेत.

४/२२
त्यांचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८५४ साली पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक लहान छायाचित्रे टिपण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. भेटपत्राएवढ्या आकाराच्या या प्रती स्वस्त पडत. त्या आप्तेष्टांत वाटण्याची आणि अल्बममध्ये लावून ठेवण्याची टूम जगभर पसरली. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती.

५/२२
छायाचित्र वाटणे म्हणजे प्रत देणे, हा संकेत येथून रुजला. आपल्याकडेही तो घरोघरी दिसे. विवाहासाठी स्थळ सुचवताना पत्रिकेसोबत छायाचित्र टपालाने जाई आणि योग न जुळल्यास ते साभार परत येई. परगावी असलेल्या लेकीला बारशाच्या प्रती पाकिटातून पाठवल्या जात. मागे शाईने नाव, गाव, तिथी लिहिलेली असे.

६/२२
या व्यवहारात एक गोष्ट आपोआप साधत होती. ज्याला छायाचित्र दाखवले, त्याच्याकडेच त्याची प्रत राही. एका घरी वाळवी लागली, पूर आला, तरी दुसऱ्या घरच्या ट्रंकेत तीच मुद्रा शाबूत असे. दाखवणे आणि जपणे ही दोन कामे कागदाच्या एकाच तुकड्याने केली होती.

७/२२
कागदाविना चित्र दाखवण्याची हौस मात्र संगणकाहून जुनी आहे. १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी होणारी पौराणिक पात्रे शेकडो प्रेक्षक एकदम पाहत. पुढे विसाव्या शतकात रंगीत स्लाइड आणि प्रोजेक्टरने हाच आनंद घरांत आणला.

८/२२
प्रोजेक्टरची मर्यादा उघड होती. पाहणाऱ्यांना एका खोलीत, एका वेळी जमावे लागे. सॅसन यांच्या यंत्रातली फीतही त्या खोलीबाहेर जाऊ शकत नव्हती. चित्राला कागद सोडून दूरच्या मित्रापर्यंत पोहोचायचे, तर ते तारेतून जाण्याइतके हलके व्हायला हवे होते. या टप्प्यावर बंगळूरूत जन्मलेल्या एका अभियंत्याचे काम कामी आले.

९/२२
नासिर अहमद यांनी १९७२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे एका गणिती पद्धतीच्या अभ्यासासाठी निधी मागितला. तो नाकारला गेला. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी काम पूर्ण केले आणि १९७४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. चित्रातील जो बारीक तपशील डोळ्याला सहसा जाणवत नाही, तो वेगळा काढून टाकण्याची वाट या पद्धतीने मोकळी केली.

१०/२२
१९९२ साली ठरलेल्या जेपेग या प्रमाणाचा गाभा हीच पद्धत आहे. तिच्यामुळे चित्राची फाईल मूळच्या दहाव्या हिश्श्याएवढी केली, तरी नुसत्या डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. मोबाईलवर येणाऱ्या बहुतेक छायाचित्रांत हे गणित दडलेले आहे. मात्र एक अट आहे: जो तपशील एकदा टाकून दिला, तो परत मिळत नाही.

११/२२
१९९५ साली कॅसिओ कंपनीने क्यूव्ही-१० हा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या पाठीवर लहानसा रंगीत पडदा होता. टिपलेले चित्र तिथल्या तिथे शेजारच्याला दाखवता येऊ लागले. सहलीतल्या घोळक्याने कॅमेऱ्यावर डोकी एकत्र करून पाहण्याचे परिचित दृश्य या पडद्याने शक्य केले.

१२/२२
११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे उद्योजक फिलिप कान पत्नीच्या प्रसूतीसाठी रुग्णालयात होते. तेथे बसूनच त्यांनी कॅसिओचा कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाईल फोन यांची जोडणी केली. नवजात कन्येचे छायाचित्र त्यांनी दोन हजारांहून अधिक परिचितांना पाठवले. बारशाच्या प्रती टपालात टाकण्याचे काम तारेवाचून काही क्षणांत झाले.

१३/२२
नोव्हेंबर २००० मध्ये जपानमध्ये शार्प कंपनीने बनवलेला जे-एसएच०४ हा फोन आला. कॅमेरा त्यातच होता आणि चित्र थेट फोनवरून पाठवता येई. जगातील इतरांना मात्र ई-मेलवर भागवावे लागे, आणि तिथे जागा तुटपुंजी. २००४ च्या आरंभीही हॉटमेलची मोफत पेटी २ मेगाबाइटची होती. परदेशातल्या मुलाने दोन चांगली छायाचित्रे धाडली की ती भरून जाई.

१४/२२
ही अडचण संकेतस्थळांनी सोडवली: चित्र पाठवू नका, एका जागी ठेवा आणि मित्रांना पत्ता द्या. १९९९ साली सुरू झालेले ओफोटो हे त्यांपैकी एक. २००१ मध्ये ते कोडॅकने विकत घेतले. अल्बम मित्रांना दाखवणे मोफत, कमाई कागदी प्रतींवर, असा हिशेब होता. मित्रांनी मात्र चित्रे पडद्यावर पाहिली आणि प्रती मागवल्या नाहीत. १९७६ च्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे खुद्द कोडॅकच्या दारात आले.

१५/२२
२०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. त्याच वर्षी तिचे छायाचित्रांचे संकेतस्थळ बंद झाले आणि लोकांचे अल्बम शटरफ्लाय या दुसऱ्या कंपनीकडे गेले. आपल्या आठवणींचा धनी बदलल्याची वार्ता अनेकांना सूचनेच्या ई-मेलमधून समजली.

१६/२२
फ्लिकरने २००४ मध्ये वेगळा मार्ग धरला. चित्राला शब्दांच्या खुणा जोडाव्यात, अनोळखी माणसांनीही त्यावर टिप्पणी करावी, अशी तिची रचना होती. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तेथे हजारो जुनी छायाचित्रे ठेवली. सामान्य वाचकांनी त्यांतील माणसे आणि ठिकाणे ओळखून नोंदी सुधारायला मदत केली. वाटण्यातून इतिहास समृद्ध होतो, याचे हे उत्तम उदाहरण.

१७/२२
भारतात सायबर कॅफेतल्या पिढीचा अल्बम होता ऑर्कुट. सुरुवातीला तेथे अवघी १२ छायाचित्रे ठेवता येत. त्यामुळे कोणती ठेवावीत यावर खल होई. गावोगावी ब्लूटूथने चित्रे एका फोनवरून दुसऱ्यात जात. पुढे इंटरनेटचा खर्च न करता फाईल देणारे शेअरइट लोकप्रिय झाले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये शेअरइट होते.

१८/२२
२००९ मध्ये निघालेल्या व्हॉट्सअ‍ॅपने उरलेसुरले अंतर मिटवले. मुहूर्ताच्या अक्षता डोक्यावर पडतात न पडतात तोच वराचे छायाचित्र नातलगांच्या ग्रुपवर झळकते. सोय अपूर्व आहे, आणि तिची किंमतही आहे. नेहमीच्या मार्गाने पाठवलेले चित्र लहान केले जाते. कॅमेऱ्याने फाईलमध्ये नोंदवलेली मूळ वेळ आणि ठिकाणही त्यातून गळून जाते. पाठीमागच्या शाईच्या ओळी पुसल्या जाव्यात, तसे हे आहे.

१९/२२
जपण्याचे काम मग मोठ्या कंपन्यांच्या साठवणीवर सोपवले गेले. गुगल फोटोजने २०१५ मध्ये अमर्याद मोफत जागा देऊ केली. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. फ्लिकरने मोफत खात्यांवर एक हजार छायाचित्रांची मर्यादा घातली. मायस्पेसवरील जुनी छायाचित्रे आणि गाणी सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. लग्नाच्या सीडी कपाटात आहेत, पण त्या लावायला नव्या लॅपटॉपमध्ये खाचच नाही.

२०/२२
हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. नऊवारीची जागा पाचवारीने कधी घेतली, वऱ्हाडाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसे, गावाच्या वेशीवर कोणते झाड होते, हे सारे अभ्यासकाला घरगुती छायाचित्रांतून उमगते. ट्रंकेतला अल्बम शंभर वर्षे दुर्लक्षित राहूनही उघडतो. ज्याचा पासवर्ड गृहस्थासोबत गेला, तो अल्बम वारसांना सहजी उघडता येत नाही. सर्वांत अधिक छायाचित्रे टिपणाऱ्या पिढीमागे सर्वांत कमी राहतील, ही भीती त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

२१/२२
म्हणून सर्व प्रती कागदावर काढाव्यात असे मुळीच नाही. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास इतकेच सांगतो की दाखवणे आणि जपणे ही कामे आता वेगवेगळी करावी लागतात. दाखवण्यासाठी ग्रुप, सामाईक अल्बमचा दुवा, टीव्हीचा पडदा, यांपैकी काहीही चालेल. ठेवणीतले चित्र मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी पोहोचते. निवडक चित्रांची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी दुसऱ्या गावच्या नातलगाकडे असावी. फाईलच्या नावातच माणसे, गाव आणि वर्ष लिहावे.

२२/२२
यातली शेवटची दोन कामे आजी-आजोबांची पिढी सहज करत होती: मागे शाईने नाव लिहिणे आणि एक प्रत लेकीकडे धाडणे. ती साठवायची कुठे, हा रॉचेस्टरच्या अधिकाऱ्यांचा दुसरा प्रश्न १९७६ मध्ये एका कंपनीपुढचा होता. आता तो प्रत्येक कुटुंबाला स्वतःसाठी सोडवायचा आहे. दिवाळीत सारे घरी जमतील तेव्हा टीव्हीवर जुनी छायाचित्रे लावावीत, आजीला एकेकाचे नाव विचारावे आणि ते तिथेच लिहून घ्यावे. सुरुवातीला एवढे पुरे.

(धागा समाप्त)