अडगळीत टिकलेले औषध

१/ डिसेंबर १९४०. ऑक्सफर्डचे संशोधक एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांचे एक छोटेसे पत्र 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूत त्यांना पेनिसिलिन नष्ट करणारे विकर सापडले होते. ऑक्सफर्डमध्ये संसर्गाच्या पहिल्या रुग्णाला पेनिसिलिन टोचले गेले ते त्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये. तलवार म्यानाबाहेर येण्यापूर्वीच ढाल सज्ज होती!

२/ तो जिवाणू म्हणजे ई. कोलाय. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. आतड्यात तो सहसा निरुपद्रवी भाडेकरूसारखा राहतो. मूत्रमार्गात शिरला की मात्र जळजळ आणि वारंवार लघवी सुरू होते. प्रौढांच्या, विशेषतः स्त्रियांच्या मूत्रसंसर्गाचे सर्वांत मोठे कारण हाच. जिवाणू औषधांना दाद देईनासे कसे झाले, हा इतिहास म्हणूनच मूत्राशयातून स्पष्ट दिसतो.

३/ १९५३ मध्ये नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध आले. ते झपाट्याने मूत्रात उतरते. रक्तात आणि मूत्रपिंडात पुरेसे साचत नाही. त्यामुळे त्याचा उपयोग मूत्राशयापुरताच. जिवाणूच्या पेशीत मात्र ते एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते.

४/ १९६२ मध्ये जॉर्ज लेशर आणि सहकाऱ्यांनी नॅलिडिक्सिक ॲसिड पुढे आणले. मलेरियावरील क्लोरोक्विन तयार करताना निघालेल्या एका उपपदार्थातून त्याचा शोध लागला. पण जनुकातील एखादा बदलही त्याला निष्प्रभ करण्यास पुरत असे. १९८० च्या दशकात त्याचे बलाढ्य वंशज अवतरले : नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन. सिप्रोफ्लॉक्सासिन तर मूत्रपिंडापासून विषमज्वरापर्यंत अनेक ठिकाणी चाले. नायट्रोफ्युरँटॉइन मागे पडले.

५/ अनेक ठिकाणी चालणारे औषध गरज नसतानाही वापरले गेले. कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यातही याच कुळातील औषध मिसळले जाई. अमेरिकेने तो वापर २००५ मध्ये थांबवला. खोकल्यासाठी घेतलेली गोळी आतड्यातील ई. कोलायलाही गाठते. दुबळे मरतात, चिवट उरतात. पुढे कधीतरी मूत्राशयात पोहोचतात ते हेच उरलेले.

६/ शिवाय जिवाणू आपला वारसा केवळ संततीला देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की, अनेक औषधांना एकदम न जुमानण्याची क्षमता ई. कोलाय आणि आमांशाचे जिवाणू यांच्यात हस्तांतरित होते. प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी हे तिचे वाहन.

७/ जानेवारी २००८, स्वीडन. नवी दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला हा जिवाणू आढळला. त्याचे विकर कार्बापेनेम या राखीव औषधांनाही तोडत होते. विकराचे नाव ठेवले 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', अर्थात एनडीएम-१. नावावरून भारतात वाद पेटला. परंतु २०१० मध्येच मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जिवाणू तपासले, तेव्हा २२ मध्ये एनडीएम-१ निघाले. नाव कोणतेही असो, प्रश्न घरातलाच होता.

८/ १ मार्च २०१४ पासून भारतात 'एच-१' ही औषधसूची लागू झाली. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम विकताना डॉक्टर व रुग्ण यांची स्वतंत्र नोंद ठेवणे औषध दुकानदाराला बंधनकारक झाले.

९/ आणि नायट्रोफ्युरँटॉइन? मूत्राशयाच्या साध्या संसर्गासाठी आज अनेक वैद्यकीय मार्गदर्शिका पुन्हा त्याचेच नाव प्रथम घेतात. अनेक घाव एकदम घालण्याचा त्याचा स्वभाव कामी आलाच. पण खोकल्याला, जुलाबाला ते कोणी दिले नाही, हेही त्याच्या पथ्यावर पडले. त्याची मर्यादाच त्याचे कवच ठरली.

१०/ मात्र संसर्ग मूत्रपिंडात चढला की हे औषध कामाचे नाही. तिथे लागतात ती नेमकी आपण उधळलेली औषधे. नव्या औषधांचे आयुष्य प्रयोगशाळेत सुरू होते; ते किती लांबेल, हे दवाखान्यात, औषधाच्या दुकानात आणि आपल्या घरात ठरते. नायट्रोफ्युरँटॉइन योगायोगाने वाचले. पुढचे औषध आपल्याला जाणीवपूर्वक वाचवावे लागेल.