हुबळीच्या वाटेवरचा गोळा आणि यंत्रांचे स्पंदन

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची मुख्य इमारत पाहताना ती विद्यामंदिरापेक्षा एखाद्या मोठ्या कचेरीसारखी वाटली, तर त्यात नवल नाही. मुळात ती सदर्न मराठा रेल्वेची कचेरीच होती. ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली, १८८५ मध्ये हुबळीस तिचा कारखाना उभा राहिला आणि १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी तिचे एकीकरण झाले. नावात ‘मराठा’ असले तरी कंपनी लंडनची. इंग्रज सरकार धारवाड-बेळगावच्या मुलखाला दक्षिण मराठा प्रदेश म्हणत असे, एवढाच त्या नावाचा उगम. असो. मला आज सांगावयाचे आहे ते एकपदरी लोहमार्गावरच्या एका जुन्या युक्तीविषयी आणि तिच्या अगदी नव्या वंशजाविषयी.

मीटरगेजच्या काळात ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना एक दृश्य आठवत असेल. फलाटाच्या टोकाशी वेताचे मोठे कडे उंच धरून एक माणूस उभा आहे, आणि चालत्या इंजिनातून कोणीतरी हात बाहेर काढून ते अलगद टिपून घेत आहे. त्या कड्याच्या चामडी पिशवीत एक धातूचा गोळा असे. शेजारच्या दोन स्टेशनांतील यंत्रे तारेने जोडलेली असत. दोन्ही स्टेशनमास्तरांच्या संमतीवाचून गोळा बाहेर पडत नसे, आणि एक बाहेर पडला की तो परत यंत्रात जाईपर्यंत दोहोंपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघत नसे. गोळा हाती नसेल तर ड्रायव्हरने पुढे जावयाचे नाही.

हा कडेकोटपणा सुचण्यास मोठी किंमत द्यावी लागली. १८७४ च्या सप्टेंबरात इंग्लंडातील थॉर्प येथे एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर आदळून २५ माणसे दगावली. तारायंत्राने संदेश वेळेआधीच गेला होता. तो रद्द करण्याची तार पोहोचली, तोवर पलीकडची गाडी सुटली होती. शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी जिवंत राहू शकतो, वस्तू मात्र एका वेळी एकाच ठिकाणी असते. चारच वर्षांनी टायर या इंग्रज कारागिराने आपले ‘टॅब्लेट’ यंत्र काढले, आणि आपल्याकडचा गोळा त्याच घराण्यातला.

त्याच सुमारास, १८७२ मध्ये, अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने रुळांतूनच विजेचा मंद प्रवाह सोडण्याची पद्धत शोधली. प्रवाह चालू आहे तोवर मार्ग मोकळा. गाडी आली, रूळ तुटला किंवा बॅटरी संपली, तरी प्रवाह थांबतो आणि सिग्नल धोक्यावर पडतो. मौन म्हणजे धोका, हा नियम येथे यंत्राच्या अंगी बाणला.

आता शंभर वर्षे ओलांडून संगणकाकडे येऊ. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालविण्याची कल्पना आयबीएमच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेत १९६० नंतरच्या दशकात साकार झाली आणि १९७२ मध्ये बाजारात आली. यांनाच आज व्हर्च्युअल मशीन म्हणतात. क्लाउड म्हणून ज्याचा गवगवा होतो, तो अशा यंत्रांचा समुदाय होय. पुणे, मुंबई व चेन्नई येथे २०१५ साली मायक्रोसॉफ्टने आणि मुंबईत २०१६ साली अमेझॉनने अशी केंद्रे उघडली. या यंत्राला ना दिवा, ना आवाज. ते बंद पडले हे कोणास कसे कळावे? यासाठी त्याने ठरावीक अंतराने ‘मी आहे’ एवढाच संदेश यजमान यंत्राकडे पाठवावयाचा. याचे नाव हार्टबीट, म्हणजे स्पंदन. १९७६ मध्ये आलेल्या टँडम कंपनीच्या संगणकांत प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला असा पुकारा करीत असे. तो ऐकू येईनासा झाला की त्याचे सोबती त्याला मृत समजून त्याचे काम उचलीत.

अडचण येथेच आहे. स्पंदन थांबले म्हणजे यंत्र मेले, की मधली तार तुटली? रेल्वेला हा प्रश्न सोडविण्याची गरज नव्हती, कारण कारण काहीही असो, गाडी थांबविली की काम भागे. फार तर प्रवासी खोळंबत. क्लाउडला थांबणे हेच अपयश. म्हणून तेथे मृताच्या जागी दुसरे यंत्र उभे केले जाते, आणि पहिले जिवंतच असेल तर एकाच माहितीच्या साठ्यावर दोघे लिहू लागतात. एका रुळावर दोन गाड्या, अगदी थॉर्पप्रमाणे. २०१२ च्या २२ डिसेंबरला अमेरिकेतील गिटहब या संस्थेत नेमके हेच संकट आले. जाळ्यातील अडथळा सुमारे ९० सेकंदांचा, परंतु तेवढ्यात साठ्याची जोडयंत्रे एकमेकांना मृत समजली. अशा वेळी दुसऱ्याचा वीजपुरवठा तोडावा अशी त्यांस शिकवण होती, व ती दोघांनीही पाळली. काही जोड्यांत दोन्ही यंत्रे बंद पडली, आणि घडी बसविण्यास पाच तासांहून अधिक लागले.

वीज तोडण्याची ती शिकवण मला चुकीची वाटत नाही. दुसऱ्याच्या हातचा गोळा काढून घेतल्याशिवाय पुढे जावयाचे नाही, हाच तिचा अर्थ. चूक एवढीच की एकाच कानावर विश्वास ठेवला. व्हीएमवेअरच्या व्यवस्थेत म्हणून स्पंदन थांबल्यावरही लगेच यंत्र नव्याने सुरू करीत नाहीत. गेल्या १२० सेकंदांत त्याने डिस्कवर किंवा जाळ्यावर काही हालचाल केली काय, हे आधी पाहतात. २०११ पासून तर सामाईक साठ्यावरही खूण ठेवण्याची सोय तीत झाली, म्हणजे एक तार गेली तरी दुसरीकडून विचारपूस व्हावी. आणि जेथे दोघांत वाद होण्याचा संभव, तेथे आता तिसरा साक्षीदार ठेवतात. ज्याच्या बाजूला बहुमत, त्याने काम चालवावे; एकटा पडलेल्याने, आपण धडधाकट आहोत अशी कितीही खात्री असली तरी, आपण होऊन बाजूस व्हावे.