अजिंठ्याच्या भिंतीवर जहाज आहे, पण त्याचं बंदर कुठं गेलं? वाचा सोपाऱ्याची गोष्ट

जळगाव-धुळ्याकडच्या माणसाने अजिंठा पाहिला नाही असं सहसा होत नाही. शाळेची सहल जाते, नाहीतर पाहुणे आले म्हणून जाणं होतं. गर्दीतून पुढे सरकताना आपण पद्मपाणीसमोर थांबतो, फोटो काढतो आणि खाली येतो. पण लेणी क्रमांक २ मध्ये एक जहाज रंगवलेलं आहे, तिकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. तीन डोलकाठ्या, फुगलेली शिडं आणि ओळीनं ठेवलेले रांजण. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं हे चित्र आहे.

आता विचार करा, खान्देशच्या वेशीवर, वाघूर नदीकाठच्या डोंगरात समुद्रातलं जहाज काय करतंय?

फँटसी सिनेमे बघणाऱ्यांना टॉल्किनच्या गोष्टीतलं ग्रे हेवन्स आठवत असेल. एल्फ लोकांचं ते जुनं बंदर, जिथून त्यांची जहाजं कायमची निघून जातात. अजिंठ्यातल्या जहाजाचं बंदरही असंच दंतकथांनी भरलेलं आहे. फरक एवढाच की हे बंदर खरं होतं आणि आज तिथं लोकलने जाता येतं. स्टेशनचं नाव नालासोपारा. भुसावळहून जळगाव, अमळनेर, नंदुरबार, सुरत करत मुंबईला जाणारी खान्देश एक्स्प्रेस विरारनंतर याच स्टेशनमधून पुढे जाते.

सुपाएवढी जमीन

सोपाऱ्याचं संस्कृत नाव शूर्पारक. शूर्प म्हणजे आपलं धान्य पाखडायचं सूप. महाभारतातल्या कथेनुसार परशुरामाने जिंकलेली सगळी पृथ्वी दान करून टाकली. मग त्याला राहायला जागाच उरली नाही, तेव्हा समुद्राने मागे सरून त्याला ही जमीन दिली. वनवासात असताना पांडव प्रभासला जाण्याआधी शूर्पारकात आले होते, असंही वनपर्वात सांगितलंय.

पाली भाषेतल्या जातककथांमध्ये सुप्पारक नावाचा एक नावाडी आहे. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेलेली असते, पण समुद्र त्याच्याइतका कुणालाच कळत नाही. भरुकच्छ म्हणजे आजच्या भरूचमधले व्यापारी त्याला जहाजावर घेऊन निघतात. जहाज भरकटतं. एक समुद्र आगीसारखा दिसतो, एक दह्यासारखा. आंधळा नावाडी प्रत्येक समुद्र ओळखतो आणि शेवटी सगळ्यांना सुखरूप घरी आणतो. या नावाड्याचं नाव आणि बंदराचं नाव एकच आहे.

दासीचा मुलगा आणि चंदनाचं जहाज

अजिंठ्यातलं जहाज मात्र दुसऱ्या कथेतलं आहे. ही कथा 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात येते आणि तिच्या नायकाचं नाव आहे पूर्ण.

पूर्ण हा शूर्पारकातल्या एका श्रीमंत व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. वडिलांनंतर भावांनी वाटण्या केल्या, त्यात दासीपुत्र म्हणून याच्या हातात काहीच आलं नाही. पुढे एकदा त्याला थंडीने कुडकुडणारा एक मोळीविक्या भेटला. त्याच्या मोळीत पूर्णने एक लाकूड ओळखलं. ते गोशीर्ष चंदन होतं. त्याच सुमारास राजाला ताप आला होता आणि त्यावर उपाय होता हेच चंदन. पूर्णचं नशीब पालटलं. त्याने समुद्रावर सहा सफरी केल्या. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी सोबत होते. त्यांच्या तोंडून बुद्धवचनं ऐकली आणि पूर्ण सगळं सोडून भिक्खू झाला.

नंतर त्याचा थोरला भाऊ चंदन आणायला समुद्रात गेला. वादळ उठलं, जहाज बुडायची वेळ आली, तेव्हा त्याने पूर्णचा धावा केला. पूर्ण आकाशमार्गे आला, जहाजावर ध्यानाला बसला आणि वादळ शमलं. त्या चंदनातून शूर्पारकात बुद्धांसाठी प्रासाद बांधला गेला, असं कथा सांगते.

अजिंठ्याच्या चित्रकाराने रंगवलंय ते याच संकटातलं जहाज.

कथा झाली, आता पुरावा

इथून पुढे गोष्ट दंतकथेची राहत नाही. १८८२ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात भाटेला तलावाजवळ कोरीव अक्षरांचा एक दगड मिळाला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा निघाला. राजाने शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्या, हा त्याचा विषय. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या आज्ञालेखाचा तुकडाही सापडला. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हे गाव इतकं महत्त्वाचं होतं की पाटलीपुत्राच्या सम्राटाने आपलं म्हणणं इथल्या दगडावर कोरून घेतलं.

नवव्या लेखात काय आहे? आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचं फळ थोडंच असतं, असं अशोक म्हणतो. त्याहून खरं मंगल कशात आहे? तर दास आणि नोकरांशी नीट वागण्यात, वडीलधाऱ्यांना मान देण्यात. रोज कुणी ना कुणी लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या बंदरात हा मजकूर लावलेला होता. आणि पुढे याच बंदराच्या कथेचा नायक झाला एका दासीचा मुलगा.

बुरुड राजाच्या कोटात काय मिळालं?

त्याच १८८२ च्या एप्रिलमध्ये भगवानलालांनी सोपाऱ्यातलं एक मोठं टेकाड खणलं. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणणारे. शूर्पारक हे संस्कृत नाव लोक विसरले असतील, पण सूप त्यांच्या लक्षात राहिलेलं दिसतं.

तो कोट नव्हताच, तो विटांचा बौद्ध स्तूप होता. आत दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. सोबत सोन्याची फुलं आणि भोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती होत्या. या मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात, म्हणजे जुना स्तूप नंतरही कुणीतरी श्रद्धेने उघडून जपला होता. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

बंदर चालायचं कुणाच्या जिवावर?

बंदर म्हटलं की आपल्याला समुद्र दिसतो. पण जहाजात भरायचा माल समुद्रातून येत नाही, तो घाटावरून येतो. सोपाऱ्याच्या माणसांची नावं म्हणूनच घाटातल्या दगडांवर सापडतात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याचं टाकं खोदून दिल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावरही सोपाऱ्याच्या दात्याचं नाव आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यातला लेख तर त्या काळच्या रस्त्यांचा हिशोबच आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भरूच, दशपूर म्हणजे मंदसौर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि सोपारा इथं प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि बागा केल्या, असं त्यात नोंदवलंय. नद्या ओलांडायला फुकट नावा ठेवल्या आणि काठांवर पाणपोया घातल्या. या नद्यांच्या यादीत आपल्या तापीचं नाव आहे. शेजारची नावं दमण आणि डहाणूची आहेत, म्हणजे ही नाव सुरतेकडच्या टोकाला असावी.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेतही, म्हणजे 'पेरिप्लस'मध्ये, 'सुप्पारा' येतं. पैठण आणि तगर म्हणजे तेर इथून गाड्या भरून माल भरूचला जायचा, हेही तीच सांगते. पैठण ते भरूच हा रस्ता वीस दिवसांचा. नकाशावर पैठण आणि भरूच जोडून बघा, रेघ खान्देशाच्या कडेने जाते.

आणि त्या दिशेला लेणी आहेत. चाळीसगावजवळच्या डोंगरातलं पितळखोरे घ्या. तिथल्या खांबांवर पैठणच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. व्यापारी, भिक्खू आणि कारागीर याच वाटांवरून ये-जा करायचे. मालासोबत गोष्टीही यायच्या. वादळात सापडलेल्या जहाजाची गोष्ट अजिंठ्यापर्यंत पोहोचली, यात मग नवल राहत नाही.

मग बंदर गेलं कुठं?

एका युद्धात किंवा एका पुरात सोपारा संपलं नाही. पहिला धक्का राजकारणाचा होता. 'पेरिप्लस' सांगतं की कल्याण बंदराची सत्ता बदलल्यावर तिथला व्यापार अडवला गेला आणि तिकडे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जायची. नहपानाचे क्षत्रप आणि सातवाहन यांच्या ओढाताणीचा हा काळ. शेजारच्या सोपाऱ्याला त्याची झळ लागली नसेल असं म्हणता येत नाही.

तरी सोपारा टिकलं. शके १०१६ मध्ये, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस, शिलाहार राजा अनंतदेवाने काही व्यापाऱ्यांना जकात माफ केली. त्या ताम्रपटात ठाणे आणि चौलसोबत शूर्पारक आहे. बाराव्या शतकात कोकणच्या अपरादित्य राजाने काश्मीरच्या विद्वत्सभेत तेजकंठ नावाचा दूत पाठवला होता, तोही सोपाऱ्याचा. १३२१ मध्ये जॉर्डनस या युरोपीय धर्मगुरूने ठाण्यात मारल्या गेलेल्या आपल्या सोबत्यांना सोपाऱ्यात पुरलं.

पण मागच्या मागे गाळ काम करत होता. सोपारा उघड्या समुद्रावर नव्हतं. दक्षिणेला उल्हास म्हणजे वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा, यांच्या मधल्या खाडीवर ते वसलेलं होतं. नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला, खाडी उथळ झाली आणि जहाजं आत येईनात. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि व्यापार तिकडे वळला. पुढे सुरत मोठं झालं, मग मुंबई. खान्देशचा माल आधी सुरतेच्या वाटेला लागला आणि नंतर रेल्वेने मुंबईला.

आज तिथं काय आहे?

नालासोपारा म्हटलं की आपल्याला गर्दीची लोकल, मीम्स आणि पावसात भरलेलं पाणी आठवतं. खान्देशातून कामाला गेलेली कित्येक घरंही तिथं आहेत. पश्चिमेला, घरांच्या वस्तीत, स्तूपाचा विटांचा ढिगारा आहे. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे. चक्रेश्वर मंदिराजवळ ब्रह्मदेवाची जुनी उभी मूर्ती आहे. अशोकाचा लेख बघायचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं लागतं.

म्हणजे बंदराचा ऐवज विखुरला. सोनं एशियाटिकमध्ये, शब्द वस्तुसंग्रहालयात, विटा सोपाऱ्यात. आणि जहाज आपल्याकडे, जळगावपासून साठेक किलोमीटरवर.

ते जहाज पुसट होत चाललंय. रंग ओल, गर्दी आणि श्वासांच्या उष्म्याने झिजतात, म्हणूनच आत फ्लॅश मारू देत नाहीत. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर लेणी क्रमांक २ मध्ये दोन मिनिटं जास्त थांबा आणि सोबतच्या पोरांना ते जहाज दाखवा. त्यांनी विचारलं, हे कुठून निघालं, तर स्टेशनचं नाव आता तुम्हाला माहिती आहे.