मृत्युपत्र, दत्तविधान आणि वंशावळ : पंडित महाराज घराण्याचा दाखला

प्रस्तावना

घराण्याची वंशावळ ही सामान्यतः पुरुषांच्या नावांची मालिका असते. विवाहाने आलेल्या स्त्रिया, अल्पायुषी अपत्ये व दत्तकाचे जन्मघराणे यांची नोंद तीत क्वचितच आढळते. ब्रिटिश अमदानीतील मृत्युपत्रे ही उणीव काही अंशी भरून काढतात. पुण्याच्या पंडित महाराज घराण्याचा कोल्हापूरशी निगडित वारसावाद या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

दत्तकाची पार्श्वभूमी

करवीरच्या गादीवर १८६६, १८७१ व १८८४ असे लागोपाठ तीन वेळा दत्तक आले. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तविधानाने शाहू छत्रपती झाले. केवळ नावे पाहणाऱ्यास रक्तसंबंधातील हा बदल दिसत नाही. मुंबई इलाख्यात पतीने मनाई केली नसल्यास विधवेला त्याच्या स्पष्ट अनुज्ञेवाचूनही दत्तक घेता येई. साहजिकच मृत्युपत्रातील दत्तकविषयक अटींना विशेष महत्त्व प्राप्त होई.

ताई महाराज प्रकरण

पुण्याचे सरदार बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी निवर्तले. मृत्युपत्रान्वये त्यांनी लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे प्रभृतींना विश्वस्त नेमले. पत्नी गरोदर असल्याचा त्यात उल्लेख होता. पुत्र न झाल्यास अथवा तो अल्पायुषी ठरल्यास विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी त्यात तरतूद होती. १८९८ च्या जानेवारीत पुत्र जन्मला. मात्र दोन महिन्यांच्या आतच तो दगावला.

जून १९०१ मध्ये औरंगाबाद येथे टिळक व खापर्डे यांच्या उपस्थितीत निधोने शाखेतील जगन्नाथ यास दत्तक घेण्यात आले. पुढे ऑगस्टमध्ये ताई महाराजांनी कोल्हापूर शाखेतील बाळ महाराज यांना दत्तक घेतले. औरंगाबादचे दत्तविधान वैध नाही, असा त्या पक्षाचा दावा होता. यातून उद्भवलेल्या फौजदारी खटल्यात टिळकांना शिक्षा झाली. १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दाव्यात १९०६ चा निकाल जगन्नाथ यांच्या बाजूने, तर १९१० चा उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला. अखेर २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथ यांचे दत्तकत्व मान्य केले. ताई महाराज मात्र १९०३ मध्येच निधन पावल्या होत्या.

साधनचिकित्सा

अंतिम निकालावर आधारलेल्या वंशावळीत बाबा महाराजांपुढे एकच नाव येईल. कागदपत्रांत मात्र एक औरस पुत्र, दोन दत्तक आणि एकाच घराण्याच्या तीन शाखा आढळतात. तथापि मृत्युपत्र हे मृताच्या इच्छेचे निवेदन होय. ती इच्छा कशी अंमलात आली, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दत्तकपत्र, प्रोबेटची कागदपत्रे, साक्षी व निकाल एकत्र वाचावे लागतात. विधवेची भूमिका मृत्युपत्रात नसते. ती न्यायालयीन कागदपत्रांत शोधावी लागते, आणि तेथेही ती वादी-प्रतिवादींच्या युक्तिवादातून गाळून घ्यावी लागते.

निष्कर्ष

मृत्युपत्र वंशावळीचा पुरावा नसून तिची फेरतपासणी करण्याचे साधन आहे. कोल्हापूर परिसरातील घराण्यांचा अभ्यास करताना जन्म, दत्तक व वारसा यांच्या नोंदी स्वतंत्र स्तंभांत कराव्यात आणि न्यायालयात हरलेल्या पक्षालाही वंशावळीत स्थान द्यावे. अन्यथा दोन महिन्यांचे ते बालक व बाळ महाराज, दोघेही इतिहासातून नाहीसे होतील.